कॅसेट आणि सीडीतली गाणी प्लेअरवर घेताना

नाट्यसंगीताच्या, भावगीतांच्या भारतातून आणलेल्या कॅसेट, सीडी आपल्यापैकी अनेकांकडे अजून आहेत. आमची चूक आधी सांगतो. जागा वाचवायला आम्ही सगळ्याचे १२८ केबीपीएसचे एमपीथ्री केले आणि कॅसेट टाकून दिल्या. तानपुऱ्याचा झंकार गेला तो गेलाच. एमपीथ्रीवरून पुन्हा फ्लॅक केले तरी तो परत येत नाही, फाइल फक्त मोठी होते.

म्हणून सीडी आधी फ्लॅक प्रकारात उतरवा (आयफोनवाल्यांनी अ‍ॅपल लॉसलेस). आवाज मूळचाच राहतो, जागा साधारण निम्मी लागते. प्लेअरवर जागा कमी असेल तर त्यावरूनच २५६ किंवा ३२० ची वेगळी प्रत करा.

कॅसेटला कष्ट जास्त. डेकचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. वायर संगणकाच्या लाइन-इनमध्ये लावा, माइकमध्ये नको. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरते. सगळ्यात चढी तान आधी वाजवून पाहा आणि लेव्हल लाल रंगापर्यंत जाऊ देऊ नका; फाटलेला आवाज नंतर नीट होत नाही. डॉल्बीचे बटण कॅसेटवर तसे छापले असेल तरच दाबा. खरखर मात्र बेताने काढा, तिच्याबरोबर सारंगीची धारही जाते.