पोलीस चकमकींवरील चित्रपटांतील वास्तव व नाट्यस्वातंत्र्य

मुंबईतील संघटित गुन्हेगारी आणि पोलीस चकमकी हा हिंदी व मराठी थरारपटांचा एक प्रमुख विषय आहे. प्रत्यक्ष घटना पडद्यावर आणताना पात्रांची नावे बदलणे, काळ आक्रसणे, अनेक व्यक्तींचे एकच पात्र करणे किंवा हाणामारी वाढवून दाखवणे, याला नाट्यस्वातंत्र्य म्हणतात. व्यवहारात त्यासाठी ‘सिनेमॅटिक लिबर्टी’ हा शब्दही रूढ आहे.

पार्श्वभूमी

११ जानेवारी १९८२ रोजी वडाळा येथे पोलिसांच्या गोळीबारात मन्या सुर्वे हा गुन्हेगार मारला गेला. १६ नोव्हेंबर १९९१ रोजी अंधेरीच्या लोखंडवाला संकुलात आफताब अहमद खान यांच्या नेतृत्वाखालील पोलीस पथकाने माया डोळस व त्याच्या साथीदारांना ठार केले. या दोन घटनांवर अनुक्रमे ‘शूटआउट ॲट वडाला’ (२०१३) आणि ‘शूटआउट ॲट लोखंडवाला’ (२००७) हे चित्रपट निघाले.

वास्तवाकडे झुकणारे चित्रपट

गोविंद निहलानी दिग्दर्शित ‘अर्ध सत्य’ (१९८३) हा चित्रपट श्री. दा. पानवलकर यांच्या कथेवर आधारित असून त्याची पटकथा विजय तेंडुलकर यांची आहे. त्यातील फौजदार अनंत वेलणकर हे पात्र काल्पनिक आहे. तथापि कोठडीतील मारहाणीत संशयिताचा मृत्यू होणे, त्यानंतरची चौकशी आणि राजकीय दबाव यांना कथानकात मध्यवर्ती स्थान आहे. वेलणकर अखेरीस रामा शेट्टीला ठार करतो, परंतु नंतर स्वतः पोलिसांच्या स्वाधीन होतो. शिमित अमीन यांच्या ‘अब तक छप्पन’ (२००४) मध्ये चकमक हे पोलीस कचेरीतील रोजचे काम असल्याप्रमाणे येते.

अनुराग कश्यप यांचा ‘ब्लॅक फ्रायडे’ हा १२ मार्च १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांवरील चित्रपट हुसैन झैदी यांच्या पुस्तकावर आधारित आहे. त्यात झोपडपट्टीतील पाठलागात आरोपी आणि पोलीस दोघेही दमून थांबतात. या चित्रपटात खऱ्या व्यक्तींची नावे वापरली आहेत. खटला प्रलंबित असल्याने मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या प्रदर्शनाला स्थगिती दिली होती. तो फेब्रुवारी २००७ मध्ये प्रदर्शित झाला.

नाट्याला प्राधान्य देणारे चित्रपट

‘शूटआउट ॲट लोखंडवाला’मध्ये पोलिसांची चौकशी दाखवली आहे. मात्र न्यायालयातील युक्तिवाद पुराव्यांऐवजी श्रोत्यांच्या भीतीला आवाहन करून पूर्ण होतो. रोहित शेट्टी यांचा ‘सिंघम’ (२०११) हा ‘सिंगम’ या तमिळ चित्रपटाचा पुनर्निर्मित अवतार आहे. त्यातील अतिशयोक्त हाणामारी प्रेक्षक अतिशयोक्ती म्हणूनच स्वीकारतात. चित्रपटाच्या शेवटी मात्र पोलीस खलनायकाला न्यायालयासमोर न नेता ठार करतात, आणि तो प्रसंग न्याय म्हणून मांडला जातो.

कायदेशीर वास्तव

चकमकपटांत गोळी सुटल्यावर कथा बहुधा संपते, तर कायद्यातील प्रक्रिया तिथूनच सुरू होते. १९९५ ते १९९७ या काळातील मुंबई पोलिसांच्या सुमारे ९९ चकमकींसंबंधी ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा खटला होता. २३ सप्टेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यात मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांनुसार चकमकीत मृत्यू झाल्यास प्रथम माहिती अहवाल नोंदवणे, स्वतंत्र तपास आणि दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी करणे आवश्यक आहे. अधिकाऱ्याचे शौर्य निःसंशय सिद्ध होण्यापूर्वी त्याला तत्काळ बढती किंवा शौर्यपदक देता येत नाही. वर्सोवा येथील २००६ च्या एका चकमकीबाबत सत्र न्यायालयाने २०१३ मध्ये १३ पोलिसांसह २१ जणांना दोषी ठरवले.

टीका

सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी, कायदेशीर प्रक्रियेची पर्वा न करता तत्काळ न्याय देणारा ‘सिंघम’सारखा पोलीस नायक समाजाला घातक संदेश देतो, असे मत मांडले. याउलट, व्यावसायिक चित्रपट हा माहितीपट नसून मनोरंजन आहे, असा युक्तिवाद अशा चित्रपटांच्या समर्थनार्थ केला जातो. या वादात तपशिलाची अचूकता आणि परिणामांची सचोटी हे दोन निकष वेगळे ठरतात. ‘अर्ध सत्य’ची कथा काल्पनिक असूनही कृत्याचे परिणाम त्यात टळत नाहीत. खऱ्या घटनेवर आधारलेला चित्रपट मात्र तारीख व ठिकाण अचूक ठेवूनही ते परिणाम वगळू शकतो.