मुंबईचा डॉलर : खरा आणि खोटा

प्रभादेवीच्या जुन्या चाळी एकामागून एक पडत आहेत व त्यांच्या जागी उंच मनोरे उठत आहेत. बिऱ्हाड हलविताना माळ्यावरील पत्र्याच्या ट्रंका उघडल्या जातात आणि क्वचित् लक्ष्मीपूजनाच्या रुपयांत एखादे थोराड, अनोळखी नाणे हाती लागते. एका बाजूस त्रिशूळ व ढाल घेऊन उभी असलेली स्त्री, तिच्यामागे समुद्रात गलबत. दुसऱ्या बाजूस चिनी व अरबी वळणाची अक्षरे. घरची मंडळी ते चीनचे नाणे समजतात. वस्तुतः ते खरे असेल, तर बहुधा आपल्याच कोटातील टाकसाळीत, म्हणजे प्रभादेवीपासून अवघ्या तीनेक कोसांवर, पाडलेले असते. मुंबईत जन्मलेला पण मुंबईच्या बाजारात कधीही न चाललेला असा हा डॉलर होय.

त्याची जन्मकथा आपल्या गिरणगावाशी निगडित आहे. येथील गिरण्यांचे सूत त्या काळी मोठ्या प्रमाणावर चीनला जात असे, आणि चीनचा सारा व्यवहार चांदीचा. १८९३ साली सरकारने हिंदुस्थानातील टाकसाळी लोकांच्या चांदीस बंद केल्या. रुपयाची व चांदीची फारकत झाली, हुंडणावळ बिघडली आणि गिरणीमालकांनी ओरड केली. इकडे टाकसाळीची यंत्रे रिकामी. तिकडे पूर्वेच्या बंदरांत ज्यावर व्यापार चाले त्या मेक्सिकोच्या डॉलरांची चणचण. हाँगकाँगने १८६६ साली स्वतःची टाकसाळ काढून पाहिली होती. पण ती दोन वर्षांतच बुडाली व तिची यंत्रे जपानने विकत घेतली. अखेर १८९५ पासून मुंबईस ब्रिटिश डॉलर पडू लागले. ठसा डी सॉल्स या कारागिराचा. वजन ४१६ ग्रेन, म्हणजे २६.९५ ग्रॅम, दहा भागांत नऊ भाग चांदी. जुन्या १८० ग्रेनांच्या तोळ्याने ते सव्वादोन तोळ्यांहून किंचित् अधिक भरते. (हल्लीचा दहा ग्रॅमचा तोळा येथे कामाचा नाही.)

चीनच्या बंदरांत हे नाणे पारखण्याचे काम करणाऱ्यांस 'श्रॉफ' म्हणत. हा आपलाच सराफ! मुळात अरबी असलेला हा शब्द हिंदुस्थानातून इंग्रजांच्या तोंडी बसला आणि व्यापाराबरोबर चीनला पोचला. हाँगकाँगात वाहनतळाचे पैसे भरण्याच्या खिडकीवर अजूनही तीच पाटी असते. चिनी पारखी नाणे तपासून त्यावर आपल्या पेढीचा बारीक शिक्का ठोकीत. म्हणून अशा खुणांनी विद्रूप झालेले नाणे पाहून नाक मुरडू नये. त्या खुणा म्हणजे त्याच्या प्रवासाचे दाखलेच. मात्र हल्लीचे लबाड कारागीर तेही खोटे ठोकतात, हे विसरू नये.

आता परीक्षेकडे वळू. आपल्याकडे नाणे वाजवून घेण्याची रीत जुनी आहे. पण बारीक तडा गेलेले खरे नाणेही बद्द वाजते. लोहचुंबकाला चिकटले तर ते नाणे निश्चित खोटे. न चिकटले तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण पितळही चिकटत नाही. तराजू अधिक प्रामाणिक. झिजेमुळे वजन थोडे घटेल. परंतु दोन-चार ग्रॅमांची तूट झिजेने येत नाही. वजन बरोबर उतरले तर नाणे बारीक दोऱ्याने पाण्यात टांगून पुन्हा तोलावे. खऱ्याचे वजन सुमारे २.६ ग्रॅमने घटते. तितक्याच वजनाच्या तांबे-निकेलच्या तुकड्याचे तीन ग्रॅमने. कसोटीवर घासणे किंवा तेजाब लावणे यांस माझा सक्त विरोध आहे. मुलामा दिलेले नाणे वरवरच्या कसाला फसवू शकते, आणि खऱ्याची मात्र कायमची खराबी होते.

परंतु खोटे नाणे चांदीतच पाडले असेल, तर तराजूही मुका होतो. तेथे इतिहास बोलतो. मुंबईच्या डॉलरवर त्रिशूळाच्या मधल्या शूलात इंग्रजी 'बी' हे सूक्ष्म अक्षर खोदलेले असते. ते भिंगानेच दिसते. कलकत्त्याने १९०० ते १९०२ या काळात पाडलेल्यांवर 'सी' आहे. लंडनच्या १९२५ व १९३० च्या डॉलरांवर खूण नाही. इतर सालांवर ती नसेल तर संशय धरावा. याहून सोपी परीक्षा सालाची. १९०५ व १९०६ ही साले, तसेच १९१४ ते १९२० ही सात वर्षे या नाण्यावर कधीच उमटली नाहीत. भिंग हाती घेण्यापूर्वी तारीख वाचावी. फसविणारा पुष्कळदा तेथेच सापडतो. त्यानंतर काठ पाहावा. खऱ्याचे दाते सर्वत्र सारखे असतात. साच्यात ओतलेल्याच्या काठावर जोडाची रेघ, पृष्ठावर बुडबुड्यांची छिद्रे आणि अक्षरांच्या कडा मऊ, गळाल्यासारख्या दिसतात.

असे नाणे कोकणी घरांत आले कसे, याचा एक मार्ग उघड आहे. रत्नागिरीकडील पुष्कळ खलाशी पूर्वेकडे जाणाऱ्या आगबोटींवर नोकरीस असत. म्हणून ट्रंकेतील डॉलर केवळ चांदीच्या भावाने मोडीत घालण्याची घाई करू नये, आणि रस्त्यावर स्वस्तात मिळालेल्यास आजोबांची ठेवही म्हणू नये. १९३५ साली चीन व हाँगकाँग यांनी चांदी सोडली, आणि त्या सालाचे मुंबईस पाडलेले बहुतेक डॉलर पुन्हा वितळविले गेले. तेव्हा आपल्या नाण्यावर नेमके तेच साल दिसले, तर जाणत्यास दाखवीपर्यंत पेढे वाटू नयेत.