कार्व्हिंग वळण

कार्व्हिंग वळण हे स्कीइंग या हिमक्रीडेतील वळण घेण्याचे एक तंत्र आहे. या वळणात स्की आडवी घसरत नाही. तिची पोलादी कडा बर्फात रुतते आणि स्कीचे टोक ज्या रेषेवरून जाते, त्याच रेषेवरून तिचा मागचा भागही जातो. अशा वळणानंतर बर्फावर रुंद, फिसकटलेला पट्टा न दिसता दोन बारीक व स्वच्छ वक्र रेषा दिसतात. समांतर वळणे घेऊ लागलेला, म्हणजे मध्यम स्तरावरील स्कीपटू पुढचा टप्पा म्हणून हे तंत्र शिकतो. या टप्प्यावर अनेकांची प्रगती बराच काळ रेंगाळते. तोवर स्की जोर लावून फिरवण्याची सवय पायांत मुरलेली असते, तर कार्व्हिंगमध्ये स्की कलवून ती स्वतः वळेपर्यंत थांबावे लागते.

घसरते वळण आणि कार्व्हिंग वळण

नवशिक्या स्कीपटूला प्रथम स्नोप्लाउ शिकवतात. यात दोन्ही स्कींची टोके जवळ आणि मागचे भाग दूर ठेवून पाचरीसारखा आकार केला जातो व त्यातून वेग आटोक्यात राहतो. पुढे दोन्ही स्की समांतर ठेवून वळणे घेतली जातात. या समांतर वळणात स्कीचा मागचा भाग बाहेरच्या बाजूला ढकलला जातो, स्की प्रवासाच्या दिशेशी तिरकी होते आणि बर्फ खरवडत पुढे सरकते. या खरवडण्यामुळे गतिज ऊर्जा खर्च होऊन वेग कमी होतो. यालाच घसरते वळण म्हणतात.

कार्व्हिंगमध्ये हे खरवडणे जवळजवळ नसते. त्यामुळे वेग टिकून राहतो, वळण स्थिर वाटते आणि टणक बर्फावरही पकड मिळते. मात्र ब्रेकचे कामही आपोआप होत नाही. येथे वेगावर नियंत्रण वळणाच्या आकारातून ठेवावे लागते. वळण पूर्ण गोलाईने घेऊन स्की उताराला आडवी, प्रसंगी किंचित चढाकडे नेली की वेग उतरतो. व्यवहारात बहुतेक वळणे या दोन टोकांच्या मधली असतात. अनुभवी स्कीपटूही गर्दीत, अरुंद वाटेवर किंवा तीव्र उतारावर हेतुपूर्वक घसरते वळण वापरतात. म्हणून कार्व्हिंग हे घसरत्या वळणाची जागा घेणारे तंत्र नसून त्यात भर घालणारे तंत्र मानले जाते.

इतिहास

कंबरेशी अरुंद आणि दोन्ही टोकांना रुंद अशा स्कीचा प्रसार एकोणिसाव्या शतकात नॉर्वेच्या टेलेमार्क प्रांतातून झाला. तेथील सोंद्रे नोरहाइम (१८२५–१८९७) यांचे नाव या संदर्भात घेतले जाते. १९२० च्या दशकात ऑस्ट्रियाचे रुडॉल्फ लेटनर यांनी लाकडी स्कीला पोलादी कडा बसवली. त्यामुळे टणक बर्फावर पकड घेणे शक्य झाले.

तरीही दीर्घकाळ संपूर्ण वळण कडेवर घेणे हे निष्णात शर्यतपटूंपुरतेच मर्यादित होते, कारण जुन्या स्की लांब व जवळजवळ सरळ असत. अमेरिकी प्रशिक्षक वॉरन विदरेल यांनी १९७२ मध्ये ‘हाउ द रेसर्स स्की’ या पुस्तकात शर्यतपटूंच्या या तंत्राचे विवेचन केले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस स्लोव्हेनियातील एलान या कंपनीने एससीएक्स ही ठळक कमनीय आकाराची स्की बाजारात आणली. तिच्या रचनेचे श्रेय युरी फ्रांको आणि पावेल श्कोफित्स या अभियंत्यांना दिले जाते. पुढील काही वर्षांत जवळजवळ सर्व उत्पादकांनी हा आकार स्वीकारला आणि सामान्य हौशी स्कीपटूलाही कार्व्हिंग शिकता येऊ लागले.

स्कीची रचना

स्कीच्या कडेला आतल्या बाजूने असलेल्या कमानीस साइडकट म्हणतात. ही कमान ज्या वर्तुळाचा भाग असते, त्या वर्तुळाची त्रिज्या ही त्या स्कीची साइडकट त्रिज्या होय. ती बहुधा स्कीवरच मीटरमध्ये छापलेली असते. स्थूलमानाने तिचे सूत्र असे आहे:

त्रिज्या = संपर्क लांबीचा वर्ग ÷ (८ × कमानीची खोली)

उदाहरणार्थ, बर्फाला टेकणारी लांबी १.५ मीटर आणि कमानीची खोली २० मिलिमीटर असल्यास त्रिज्या सुमारे १४ मीटर येते. लांबी १.८ मीटर आणि खोली केवळ ९ मिलिमीटर असल्यास ती ४५ मीटर होते. जुन्या सरळ स्कीवर आखूड कार्व्हिंग वळण का जमत नसे, हे या आकड्यांवरून कळते.

साइडकटइतकीच स्कीची लवचीकताही महत्त्वाची असते. स्की कलवली की तिची दोन टोके व कड प्रथम बर्फाला टेकतात आणि मधला भाग किंचित अधांतरी राहतो. त्यावर भार पडताच स्की धनुष्यासारखी वाकते. वळणाची वाट या वाकलेल्या कडेने ठरते. स्की जितकी अधिक कलवावी तितकी ती अधिक वाकते आणि वळण आखूड होते. टणक बर्फावर वळणाची त्रिज्या ही साइडकट त्रिज्या आणि कलाच्या कोनाचा कोसाइन यांच्या गुणाकाराएवढी धरतात. १४ मीटर त्रिज्येची स्की ३० अंश कलवल्यास सुमारे १२ मीटरचे, ४५ अंश कलवल्यास सुमारे १० मीटरचे आणि ६० अंश कलवल्यास ७ मीटरचे वळण मिळते.

यांत्रिकी

वळणासाठी लागणारे अभिकेंद्री बल बर्फ स्कीच्या कडेवर देतो. तोल राहण्यासाठी स्कीपटूला वळणाच्या आत कलावे लागते. घाटातील वळणावर मोटारसायकलस्वार ज्या कारणाने आत कलतो, तेच कारण येथेही असते. फरक असा की मोटारसायकलस्वार वळणाची त्रिज्या रस्त्यानुसार स्वीकारतो, तर स्कीपटूच्या बाबतीत कलाचा कोनच त्रिज्या ठरवतो. त्यामुळे वेग आणि कल यांचे नाते घट्ट बांधलेले असते. उताराचा परिणाम बाजूला ठेवून हे नाते असे मांडता येते:

कलाच्या कोनाचा साइन = वेगाचा वर्ग ÷ (गुरुत्व त्वरण × साइडकट त्रिज्या)

१४ मीटर त्रिज्येच्या स्कीवर ताशी १८ किलोमीटर वेगाला हा कोन सुमारे १० अंश, तर ताशी ३६ किलोमीटर वेगाला सुमारे ४७ अंश येतो. म्हणजे मंद वेगात संपूर्ण शरीर खूप कलवणारा शिकाऊ स्कीपटू आतल्या बाजूला पडणारच. चित्रांत दिसणारा शर्यतपटूंचा मोठा कल हा त्यांच्या वेगाचा परिणाम असतो आणि कमी वेगात त्याचे अनुकरण करता येत नाही. याच सूत्रानुसार ठरावीक वेगाच्या पुढे लहान त्रिज्येच्या स्कीवर निव्वळ कार्व्हिंग शक्य राहत नाही. म्हणून वेगवान शर्यतींसाठी मोठ्या त्रिज्येच्या स्की वापरतात.

कमी वेगातही स्की पुरेशी कलवता यावी, यासाठी घोटे, गुडघे व नितंब वळणाच्या आत नेऊन धड मात्र बाहेरच्या स्कीच्या वर तोलून धरतात. शरीराच्या या कोनाकृती स्थितीस अँग्युलेशन म्हणतात. मध्यम स्तरावरील शिक्षणाचा गाभा हाच आहे.

मध्यम स्तरावरील शिक्षण

हे तंत्र मंद, रुंद, मोकळ्या आणि यंत्राने दाबून सपाट केलेल्या उतारावर शिकवले जाते. उतार सौम्य असला की वेगाची भीती राहत नाही, आणि भीती नसली तरच स्कीपटू ब्रेक न लावता थांबून राहू शकतो. शिक्षणाचे टप्पे साधारणपणे पुढीलप्रमाणे असतात.

१. कडेवर आडवे जाणे. उताराला आडवे जाताना दोन्ही गुडघे चढाच्या बाजूला किंचित झुकवून स्की कडांवर ठेवतात. मागे वळून पाहिल्यास दोन बारीक रेषा दिसाव्यात. रेषा पसरट असेल तर स्की घसरली असे समजावे.

२. चढाकडे अर्धे वळण. आडवे जाताना कल हळूहळू वाढवतात आणि स्की स्वतःच चढाकडे वळून थांबेपर्यंत वाट पाहतात. पाय पिळायचे नसतात. स्की आपोआप वळते हा अनुभव शिकाऊ स्कीपटूला येथे प्रथमच येतो. पुढे हेच अर्धे वळण अधिकाधिक उतरत्या दिशेपासून सुरू करतात.

३. रुळांचा सराव. अतिशय सौम्य उतारावर स्की नितंबांच्या रुंदीएवढ्या अंतरावर समांतर ठेवून केवळ घोटे व गुडघे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुकवतात. रेल्वेच्या रुळांप्रमाणे दोन समांतर रेषा उमटणे हे यशाचे चिन्ह होय.

४. कडा बदलणे. एक वळण संपवून दुसरे सुरू करताना स्की क्षणभर पूर्ण सपाट होते आणि मग विरुद्ध कडेवर जाते. ही क्रिया स्की अजून आडवी जात असतानाच पूर्ण व्हावी लागते. उतरत्या दिशेला तोंड झाल्यावर कडा बदलल्यास वळणाचा पहिला अर्धा भाग घसरण्यातच जातो.

५. बाहेरच्या स्कीवर भार. डावीकडे वळताना उजव्या आणि उजवीकडे वळताना डाव्या स्कीवर बहुतांश भार असावा. आतली स्की किंचित उचलून वळण पूर्ण करणे हा याचा प्रचलित सराव आहे.

या सर्व टप्प्यांत नडगीचा बुटाच्या पुढच्या भागावर हलका दाब कायम असावा लागतो. हा दाब सुटला की स्कीचे टोक पकड सोडते.

सामान्य चुका

सर्वांत जास्त आढळणारी चूक घाईची असते. स्की वळायला लागणारा एक-दोन सेकंदांचा अवकाश असह्य होऊन शिकाऊ स्कीपटू टाचा बाहेर ढकलतो आणि वळण घसरते होते. भीतीने मागे रेलणे ही दुसरी चूक आहे. त्यामुळे भार टाचांवर जातो, मांड्या लवकर थकतात आणि स्कीवरचे नियंत्रण सुटते. खांदे वळणाच्या दिशेने फिरवणे ही तिसरी, तर संपूर्ण शरीर आत झोकून देणे ही चौथी चूक होय. या शेवटच्या चुकीत भार आतल्या स्कीवर जातो आणि बाहेरची स्की निसटते. कडा बोथट असल्यास योग्य तंत्रानेही पकड मिळत नाही, म्हणून भाड्याने घेतलेल्या स्कीच्या कडा आधी तपासाव्यात.

सुरक्षितता

कार्व्हिंगमध्ये वेग व गुडघ्यांवरील बल दोन्ही वाढतात. गुडघ्यातील पुढच्या क्रुसिएट अस्थिबंधाची इजा ही स्कीइंगमधील प्रमुख गंभीर इजांपैकी एक आहे. पडताना बूट स्कीपासून सुटावा यासाठी बाइंडिंग असते. त्याची सुटण्याची मर्यादा स्कीपटूचे वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळाची लांबी यांवरून जाणकाराकडून ठरवून घ्यावी लागते. मात्र बाइंडिंग सुटल्याने गुडघ्याची प्रत्येक इजा टळतेच असे नाही.

आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या दहा आचारनियमांनुसार पुढे, म्हणजे खाली असलेल्या स्कीपटूचा हक्क प्रथम असतो आणि मागून येणाऱ्याने आपली वाट त्याला धोका होणार नाही अशी निवडायची असते. कार्व्हिंग करणारा उताराची मोठी रुंदी व्यापतो आणि कधी चढाकडेही वळतो. म्हणून वळण चढाकडे नेण्यापूर्वी वर व खाली पाहून घेणे त्याच्यावर बंधनकारक आहे. अचानक अडथळा आल्यास कडा सोडून घसरत थांबता आले पाहिजे. हे ज्याला येत नाही त्याने वेगवान कार्व्हिंग करू नये.

भारतातील प्रशिक्षण

भारतात स्कीइंग प्रामुख्याने काश्मीरमधील गुलमर्ग, उत्तराखंडमधील औली आणि हिमाचल प्रदेशातील सोलंग येथे शिकवले जाते. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर असून तेथे लष्कराची स्की शाळा १९४८ मध्ये सुरू झाली. पुढे तिचे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये रूपांतर झाले. नागरिकांसाठी केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्था गुलमर्गला आहे. औली येथे भारत-तिबेट सीमा पोलिसांची संस्था आहे. मनालीची अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था सोलंग येथे मूलभूत, मध्यम व प्रगत असे अभ्यासक्रम चालवते.

मनालीच्या आंचल ठाकूर यांनी जानेवारी २०१८ मध्ये तुर्कस्तानातील स्पर्धेत स्लालम प्रकारात कांस्यपदक मिळवले. गुलमर्ग परिसरातील आरिफ खान यांनी २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचे एकमेव खेळाडू म्हणून जायंट स्लालममध्ये ४५ वे स्थान मिळवले. या दोन्ही शर्यती कार्व्हिंग तंत्रावर आधारलेल्या आहेत.

गुलमर्गच्या अफरवट पर्वतावरील वरचे उतार भुसभुशीत, न दाबलेल्या बर्फासाठी प्रसिद्ध आहेत. तेथे कडा रुतवायला टणक पृष्ठभाग मिळत नाही आणि हिमस्खलनाचा धोका असतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये या पर्वतावरील हिमस्खलनात पोलंडच्या दोन स्कीपटूंचा मृत्यू झाला. कार्व्हिंग शिकण्यासाठी खालचे, दाबलेले व देखरेखीखालील उतारच योग्य ठरतात.

महाराष्ट्रातील शिकणाऱ्यांची पूर्वतयारी

महाराष्ट्रात स्कीइंगयोग्य हिमवृष्टी होत नाही. राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे, पण तेथेही बर्फ साचत नाही. पुणे, पिंपरी-चिंचवड किंवा चाकणसारख्या ठिकाणाहून जाणाऱ्या शिकाऊ स्कीपटूला वर्षातून जेमतेम काही दिवस बर्फ मिळतो. त्यामुळे घरी केलेल्या तयारीला विशेष महत्त्व येते.

एका ओळीत चाके असलेल्या इनलाइन स्केट्सवर सौम्य उतारावर केलेला सराव उपयुक्त मानला जातो. बाहेरच्या पायावर भार देणे, घोटे कलवणे आणि धड स्थिर ठेवणे या तिन्ही गोष्टी त्यात साधतात. मात्र स्केटला साइडकट नसल्याने स्की वाकून वळते तो अनुभव त्यात येत नाही. हा सराव वाहतूक नसलेल्या जागी, शिरस्त्राण व गुडघ्यांची संरक्षक आवरणे घालूनच करावा. मांड्यांच्या स्नायूंसाठी बैठका, तसेच लोहगडासारख्या पायऱ्यांच्या किल्ल्यावरून सावकाश उतरणे उपयोगी पडते. उतरताना स्नायू ताणले जात असताना भार पेलतात आणि वळणातही त्यांचे काम तसेच असते. पुणे परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० ते ६०० मीटर उंचीवर आहे. म्हणून गुलमर्ग किंवा औलीला पोहोचल्यावर पहिला दिवस विश्रांतीसाठी आणि हलक्या हालचालींसाठी राखून ठेवणे हिताचे असते.