फयानचा धडा : हिवाळ्याच्या तोंडावर समुद्रकिनारी जाताना

पावसाळा संपला की समुद्र शांत, असं आपण सोलापूरकर समजतो. पण 11 नोव्हेंबर 2009 रोजी 'फयान' चक्रीवादळ अलिबाग-मुंबईदरम्यान किनाऱ्यावर धडकलं. हंगाम असल्याने बोटी समुद्रात होत्या; कोकणातले अनेक मच्छीमार घरी परतले नाहीत.

सुट्टीत कोकणातल्या नातलगांकडे जाताना हे लक्षात ठेवा :

- हवामान खात्याचा इशारा पाहा. बंदरावर धोक्याचा बावटा लागला की बोटीत बसू नका.
- पत्र्याचं घर सोडून पक्क्या इमारतीत जा.
- वारा अचानक थांबला तरी बाहेर पडू नका. वादळाचा मधला भाग शांत असतो. नंतर उलट्या दिशेने वारा सुटतो.
- तुटलेल्या तारेपासून मुलांना लांब ठेवा.

मदतीसाठी 112, समुद्रात अडकल्यास तटरक्षक दल 1554.