वाचलेलं ऐन पेपरात का आठवत नाही? मेंदू शिकतो कसा, ते आधी समजून घ्या

दहावी-बारावीचा पेपर असो की एमपीएससीची पूर्वपरीक्षा, केंद्राच्या गेटबाहेर एक वाक्य हमखास ऐकू येतं. "वाचलं होतं रे, अख्खं पान डोळ्यांसमोर दिसत होतं, पण नेमकं तेच आठवेना." घरी पोचल्यावर निदानही ठरलेलं असतं: लक्षच नव्हतं, मोबाइलनं वाट लावली, स्मरणशक्ती कमी आहे. मग बदाम भिजत पडतात.

बहुतेक वेळा दोष स्मरणशक्तीचा नसतो. पुस्तक पुन्हा पुन्हा वाचताना सराव होतो तो मजकूर ओळखण्याचा. पेपरात मात्र कोऱ्या कागदासमोर बसून तो आठवावा लागतो. मेंदूसाठी ही दोन वेगळी कामं आहेत, आणि आपण एकाची तयारी करून दुसऱ्याची परीक्षा देत असतो.

वाचणारे हरले, आठवणारे जिंकले

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना त्यांनी विज्ञानाचे छोटे उतारे दिले. एक होता सूर्याविषयी, दुसरा समुद्रात राहणाऱ्या पाणमांजराविषयी. एका गटानं चार सत्रं उतारा फक्त वाचला. दुसऱ्या गटानं पहिल्या सत्रात वाचला आणि पुढची तीन सत्रं उतारा बाजूला ठेवून, जेवढं आठवेल तेवढं कागदावर लिहिलं. पहिल्या गटाचा उतारा सरासरी १४ वेळा वाचून झाला, दुसऱ्याचा जेमतेम साडेतीन वेळा.

पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. त्यांना ८३ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. आठवड्यानं मात्र चित्र उलटं झालं. वाचणारे ४० टक्क्यांवर घसरले, लिहिणारे ६१ टक्क्यांवर टिकून राहिले.

यातली खरी मेख पुढे आहे. आठवड्यानंतर किती आठवेल, असं विद्यार्थ्यांना आधीच विचारलं होतं. जास्त आत्मविश्वास होता तो फक्त वाचणाऱ्या गटाला! चौथ्यांदा वाचताना मजकूर डोळ्यांखालून सुळकन जातो, काहीच अडत नाही आणि "हे तर येतंय" असं वाटतं. ते वाटणं ओळखीचं असतं, आठवणीचं नाही. शेजारच्या गल्लीतला माणूस रोज दिसतो, चेहरा लगेच ओळखू येतो, पण नाव विचारलं की आपण अडकतो. तसंच हे.

आठवण साठते कुठे?

आठवण म्हणजे कपाटात ठेवलेली फाइल नव्हे. एखादी गोष्ट शिकताना मेंदूतल्या चेतापेशींचा एक संच एकत्र काम करतो आणि त्यांच्यातले सांधे बळकट होतात. हे सांधे बदलतात कसे, हे एरिक कँडेल यांनी समुद्री गोगलगायीवर काम करून दाखवलं. २००० सालच्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता तो याच कामासाठी.

नवी आठवण रुजवण्यात हिप्पोकॅम्पस या भागाचं काम मोठं. हे कळलं ते एका दुर्दैवी माणसामुळे. हेन्री मोलेसन या अमेरिकी तरुणाला अपस्माराचे तीव्र झटके येत. १९५३ मध्ये शस्त्रक्रिया करून त्याच्या मेंदूतला दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग काढला. झटके कमी झाले, पण त्यानंतर भेटलेला माणूस, ऐकलेली बातमी, काहीच त्याच्या लक्षात राहीना. बालपणीच्या आठवणी मात्र शाबूत होत्या. म्हणजे जुन्या आठवणी दुसरीकडे, मेंदूच्या बाह्यस्तरात पसरून पक्क्या झालेल्या असतात, आणि त्यांना तिथवर पोचायला वेळ लागतो. एका रात्रीत रेटलेला अभ्यास टिकत नाही, त्यामागे हेही एक कारण आहे.

विसरायला सुरुवात झाली की उजळणी

विसरण्याचा वेग पहिल्यांदा मोजला तो हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं. त्यानं हजारो निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ केले आणि ठरावीक वेळानं ते पुन्हा पाठ करायला किती कमी श्रम लागतात, ते नोंदवलं. १८८५ च्या त्याच्या पुस्तकातले आकडे धक्कादायक आहेत. तासाभरातच निम्म्याहून जास्त बचत संपलेली, दिवसानंतर साधारण एक तृतीयांश उरलेली. पण पुढे घसरण मंदावते. महिन्यानंतरही साधारण पाचवा हिस्सा शिल्लक होता. अर्थात निरर्थक अक्षरं ती. अर्थ समजलेला धडा इतक्या वेगानं उडून जात नाही.

एबिंगहाउसच्याच लक्षात आलेली दुसरी गोष्ट विद्यार्थ्यांच्या जास्त कामाची: एकाच बैठकीत केलेल्या अनेक उजळण्यांपेक्षा दिवस सोडून सोडून केलेल्या थोड्या उजळण्या जास्त टिकतात. किती दिवस सोडायचे, हे परीक्षा किती लांब आहे त्यावर ठरतं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १,३०० हून अधिक लोकांवरच्या एका अभ्यासात असं दिसलं की चाचणी आठवड्यावर असेल तर उजळणी दुसऱ्या दिवशी केलेली बरी. चाचणी महिनाभर लांब असेल तर दीड-दोन आठवड्यांनी. थोडं विसरल्यावर आठवायला कष्ट पडतात आणि त्या कष्टानंच सांधा घट्ट होतो. म्हणून उजळणीच्या वेळी "अरे, निम्मं गेलं की" असं झालं तर घाबरायचं कारण नाही.

प्रत्यक्षात हे कसं करायचं?

दहावीच्या विज्ञानातलं पेशीविभाजन घ्या. सूत्री विभाजनाच्या चार पायऱ्या एकदा नीट समजून वाचा. पुस्तक मिटा. कोऱ्या कागदावर पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था असे चार चौकोन काढा आणि प्रत्येकात गुणसूत्रांचं काय होतं, ते आठवेल तसं लिहा, चित्रही काढा. गुणसूत्रं पेशीच्या मधोमध रांगेत येतात ती कुठल्या पायरीत, तिथं बहुतेकांचं अडतं. अडू द्या. लगेच पुस्तक उघडू नका. मिनिटभर झगडा, मग उघडा आणि चुकलेलं वेगळ्या शाईनं दुरुस्त करा. ही दुरुस्ती टाळायची नाही, नाहीतर चुकीचंच पक्कं होऊन बसतं. उद्या पुन्हा कोरा कागद, मग चार दिवसांनी, मग दहा-बारा दिवसांनी. पाहिलंत तर दर वेळी दहा मिनिटांचंच काम आहे.

सनावळ्या, व्याख्या, शब्दार्थ यांच्यासाठी कार्डं चांगली. एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर. सेबास्टियन लाइटनर या पत्रकारानं १९७२ मध्ये यासाठी कप्प्यांची पेटी सुचवली होती. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज उघडायचा, पुढचे उशिरानं. आजची 'अँकी' सारखी ॲप ढोबळमानानं हेच करतात. (अँकी या जपानी शब्दाचा अर्थच मुळी पाठांतर!)

गणिताची गोष्ट थोडी वेगळी. एकाच प्रकारची वीस गणितं ओळीनं सोडवली की हात बसतो, पण कुठलं सूत्र वापरायचं हे ठरवण्याचा सरावच होत नाही, कारण ते धड्याच्या नावातच सांगितलेलं असतं. पेपरात धड्याचं नाव नसतं. तेव्हा पद्धत एकदा समजली की तीन-चार धड्यांची गणितं मिसळून सोडवा. चुका जास्त होतील, मन खट्टू होईल, तरी फायदा यातच आहे.

मग घोकंपट्टी वाईटच का? सरसकट नाही. मनात एका वेळी साधारण चारच नव्या गोष्टी धरता येतात. सात नव्वे किती हे आठवायलाच त्यातली एक जागा गेली, तर गणिताच्या पुढच्या पायरीला जागा कमी पडते. पाढे पाठ असले की ती मोकळी राहते. जुन्या पिढीला पावकी-निमकीसुद्धा तोंडपाठ असे, ते उगाच नव्हे. आणि पाढा म्हणताना पुस्तक समोर नसतं, हेही विसरू नका.

हायलायटर, लर्निंग स्टाइल आणि झोप

पिवळ्या रेघांनी भरलेलं पुस्तक दिसतं छान. पण २०१३ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला, त्यात अधोरेखन आणि पुन्हा वाचन तळाला गेले. स्वतःची परीक्षा घेणं आणि अंतरानं केलेली उजळणी वर आली. "मी व्हिज्युअल लर्नर आहे" या लाडक्या समजुतीलाही पुरेसा पुरावा मिळालेला नाही. आकृतीचा फायदा सगळ्यांनाच होतो.

झोपेचं प्रकरण मात्र गंभीरपणे घ्यायला हवं. १९९४ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं की जागेपणी फिरताना हिप्पोकॅम्पसमधल्या ज्या पेशी एकत्र पेटल्या होत्या, त्याच नंतरच्या झोपेत पुन्हा एकत्र पेटत होत्या. झोपेत मेंदू दिवसाची उजळणी करतो म्हणतात ते या अर्थानं. ती कापून केलेला अभ्यास दोन्हीकडून महाग पडतो: आधीचं पक्कं होत नाही, आणि दुसऱ्या दिवशी लक्ष लागत नाही.

ज्यांचा पेपर उद्याच अकराला आहे, त्यांना अंतर ठेवून उजळणी करायला आता वेळ उरलेला नाही. त्यांनी नवा धडा उघडू नये. आधी झालेल्या धड्यांची नावं कागदावर लिहावीत, प्रत्येकाखाली पुस्तक न बघता पाच-सहा मुद्दे काढावेत, जिथं कागद कोरा राहिला तेवढंच पुस्तकात पाहावं, आणि अकरा वाजता दिवा बंद करावा.