हिरव्या माथ्याचा दगड

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या घरापासून फर्लांगभर अंतरावर एक मैलाचा दगड होता. अंग पांढरं, माथा हिरवा. लहानपणी मला वाटायचं, कुणा फकिराची खूण असेल. चाचांना विचारलं तर ते पोट धरून हसले. म्हणाले, "हरा रह्या तो अपने राज का रस्ता, पिला रह्या तो दिल्ली का." चाचा त्याच रस्त्यावर मैलकुली होते.

'राजचा रस्ता' ही कल्पना तशी अलीकडची. १० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर जॉन माल्कम यांनी बोरघाटातला गाडीरस्ता खुला केला, तेव्हा डोळ्यांपुढे होती फौज आणि व्यापार. १८५४ मध्ये डलहौसीनं सार्वजनिक बांधकाम खातं उभं केलं खरं, पण आदल्याच वर्षी रेल्वे सुरू झाली होती. सरकारचा जीव रुळांत गुंतला आणि रस्ते मागे पडले.

पहिल्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या आणि रस्त्यांची दैना उडाली. बैलगाडीच्या लोखंडी धावेनं खडीचा भुगा व्हायचा आणि मोटारीचं रबरी चाक तो भुगा उडवून न्यायचं. मग १९२७ मध्ये एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच. त्यांचं म्हणणं साधं होतं. रस्त्यांचा खर्च आता प्रांतांच्या आणि लोकल बोर्डांच्या आवाक्याबाहेर गेला आहे. जो रस्ता वापरतो त्याच्याकडून पैसा घ्या आणि तो रस्त्यावरच खर्च करा. १९२९ पासून पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला आणि त्यातून केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. वाटणी मात्र पेट्रोलच्या खपावर. ज्या मुलखात मोटारच नाही, त्याच्या वाट्याला काय येणार?

डिसेंबर १९४३ मध्ये, ऐन युद्धात, देशभरचे मुख्य अभियंते नागपूरला जमले. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्ह्याचे मुख्य आणि इतर रस्ते, ग्रामरस्ते ही उतरंड तिथे ठरली. शेतीनं भरलेल्या भागात कोणतंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर नसावं, हेही तिथलंच. प्रांतिकचं नाव पुढे राज्य महामार्ग झालं. घटनेनं राष्ट्रीय महामार्ग केंद्राकडे ठेवले, बाकीचे राज्यांकडे. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला तेव्हा मुंबई, हैदराबाद आणि मध्य प्रांत अशा तीन राजवटींनी बांधलेले रस्ते त्याच्या पदरात पडले. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या. गावाकडचे रस्ते त्यांच्याकडे गेले, राज्य महामार्ग बांधकाम खात्याकडे राहिले.

या व्यवस्थेच्या वरच्या टोकाला मुख्य अभियंता आणि खालच्या टोकाला आमचे चाचा. ठरलेला काही मैलांचा तुकडा त्यांचा. साइडपट्ट्यांवर मुरूम टाकायचा, खड्डा लहान असतानाच बुजवायचा, झाडांच्या बुंध्यांना चुना-गेरूचे पट्टे ओढायचे. पण मुख्य काम मृगाआधीचं, मोऱ्या आणि गटारी मोकळ्या करण्याचं. रस्त्याला ट्रक मारत नाही, पाणी मारतं, हे चाचांचं शास्त्र, आणि अभियंतेही तेच सांगतात. मोरी तुंबली की पाणी कडेला साचतं, खालचा थर मऊ होतो आणि मग भरल्या ट्रकखाली डांबर फाटतं.

१९७२ च्या दुष्काळात रस्त्यांनी माणसं जगवली. मे १९७३ मध्ये राज्यात जवळपास ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते. त्यांत आमची अम्मीही होती. मी दोन-अडीच वर्षांचा. बाभळीला बांधलेल्या झोळीत मला ठेवून ती खडी फोडायची. डोळ्यात कपची उडू नये म्हणून पदर ओढून घ्यायची. पुढे याच अनुभवातून रोजगार हमीचा कायदा झाला आणि १९७९ मध्ये लागू झाला. त्या खडीवरून धावणाऱ्या एसटीतूनच मी कॉलेजला गेलो.

१९९६ मध्ये राज्य रस्ते विकास महामंडळ स्थापन झालं. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. टोल आला, त्यावर आंदोलनं झाली, आणि २०१५ मध्ये सरकारनं १२ नाके बंद करून आणखी ५३ नाक्यांवर मोटारींना सूट दिली. जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाला. मी त्यावरून गेलो. वेग छान वाटला, खोटं कशाला बोलू! पण नव्या रस्त्याची फीत कापायला मांडव पडतो, साफ केलेल्या मोरीची फीत कुणी कापलेली मी पाहिली नाही. आता देखभाल बहुतेक कंत्राटानं होते. कंत्राटात मुदत असते, दोषदायित्व असतं. फक्त आषाढातल्या पहिल्या मोठ्या पावसात, रात्री कंदील घेऊन आपला तुकडा बघायला जाणारा माणूस त्यात कुठल्या कलमात बसवायचा?

२०१४ नंतर राज्यातले अनेक राज्य महामार्ग राष्ट्रीय झाले. आमच्या गावचाही झाला. गेल्या वर्षी गेलो तेव्हा रुंदीकरण झालं होतं, चाचांनी पट्टे ओढलेले वड गेले होते. नवा दगड पिवळ्या माथ्याचा. जुना मोरीच्या तोंडाशी आडवा पडला होता, अर्धा गाळात. हातानं थोडा गाळ बाजूला केला, तर हिरवा रंग अजून दिसत होता.