मुंबईचा पाहुणा

मागच्या वेळी गिरणगाव झालं, आज त्याच गिरणगावातले बाप.

माझे आजोबा लालबागजवळच्या एका गिरणीत कामाला होते, घर रत्नागिरी जिल्ह्यात. वर्षातून दोनदा यायचे, शिमग्याला आणि गणपतीला. बाबा लहानपणी त्यांना 'मुंबईचा पाहुणा' समजायचे आणि आजीच्या पदराआड लपायचे. आजोबा जबरदस्ती करायचे नाहीत. ट्रंकेतला खाऊ उंबऱ्यावर ठेवायचे आणि अंगणात जाऊन बसायचे.

'जुने बाप असेच, कडक' असं म्हणून आपण मोकळे होतो. पण जरा हिशोब बघा. मुंबईत कापडगिरण्या आल्या १८५० च्या दशकात. आठवड्याची हक्काची सुटीसुद्धा नव्हती. नारायण मेघाजी लोखंडेंच्या लढ्यामुळे १० जून १८९० ला मालकांनी रविवार मान्य केला. १९११ च्या कायद्याने कापडगिरणीत पुरुषांसाठी दिवसाला १२ तासांची मर्यादा घातली. मर्यादा, बरं का! एकेका खोलीत कितीतरी गडी पाळीपाळीने झोपायचे, तिथे बायकापोरं आणणार कुठे? रविवार मिळाला, पण पोर बोटीच्या प्रवासापलीकडे. घरी पोचायची ती मनीऑर्डर.

आता त्याच काळातला पुण्याचा वाडा घ्या. कारकून बाप संध्याकाळी घरी, मूल समोरच रांगतंय. पण वडीलधाऱ्यांसमोर स्वतःचं मूल उचलून घेणं म्हणजे निर्लज्जपणा! भावाचं घेतलेलं चालायचं. (हे लॉजिक मला अजून कळलेलं नाही.) वेळ होता, मुभा नव्हती. आणि आठवणींमध्ये हे दोन्ही बाप 'कडक' म्हणूनच उरले.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. आजोबा गावी आले ते कायमचेच. बाबा तेव्हा सोळा वर्षांचे, आत्या तीनची. घरात पैशाची ओढाताण, पण आजोबा आत्याला रोज न्हाऊ घालायचे, तिच्या वेण्या घालायचे. शेजारी हसायचे. बाबा हे सांगताना हसत नाहीत.

माझ्या मुलीच्या जन्मानंतर मला दोन आठवड्यांची पितृत्व रजा मिळाली. खासगी कंपनीला तसं कायद्याचं बंधन नाही, आमच्या कंपनीने दिली. तिसऱ्या दिवशी डायपर घेऊन डिलिव्हरीवाला आला. आतून रडणं ऐकून थांबला, मोबाइलवर स्वतःच्या दीड महिन्याच्या बाळाचा फोटो दाखवला. "गावी आहे," म्हणाला. तेवढ्यात पुढची ऑर्डर वाजली.